नॉर्मन हॉवर्थ

सर वॉल्टर नॉर्मन हॉवर्थ (१९ मार्च १८८३ – १९ मार्च १९५०) हे ब्रिटिश सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. कर्बोदकांच्या रेणूंची रचना निश्चित करणे आणि क जीवनसत्त्वाचे संश्लेषण करणे या कार्याबद्दल त्यांना १९३७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल कारर यांच्यासमवेत मिळाले. शर्करेच्या रेणूतील वलय कागदावर काढण्याची जी रीत आज सर्वत्र शिकविली जाते, ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातील बारावीच्या विद्यार्थ्याला जैवरेणूंच्या प्रकरणात भेटणारे ‘हॉवर्थ सूत्र’ ते हेच.

त्यांच्या नावाशी जोडली जायला हवी होती, पण जोडली गेली नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. रेणूतील अणूंचा क्रम तोच राहूनही तो रेणू अवकाशात वेगवेगळ्या रीतींनी वळू शकतो. या आकाराला इंग्रजीत ‘कॉन्फर्मेशन’ आणि मराठी परिभाषेत ‘संरूपण’ म्हणतात. या अर्थाने हा इंग्रजी शब्द हॉवर्थ यांनी १९२९ साली रूढ केला. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिनसारख्या गुंतागुंतीच्या बहुशर्करांची आजची माहिती हॉवर्थ यांची वलये आणि हा शब्द या दोन्हींच्या आधाराने उभी आहे.

बालपण व शिक्षण

हॉवर्थ यांचा जन्म इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील चॉर्ली या गावी झाला. त्यांचे वडील टॉमस हॉवर्थ हे तेथील लिनोलियमच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. जवसाचे तेल, बुचाचा भुगा, रंगद्रव्ये इत्यादींचा लगदा जाड कापडावर थापून जमिनीवर अंथरण्यासाठी जे आच्छादन तयार करीत, ते लिनोलियम. चौदाव्या वर्षी शाळा सोडून नॉर्मन याच कारखान्यात काम शिकू लागले. मुलाने हाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी घरच्यांची अपेक्षा होती. परंतु कारखान्यातील रंगद्रव्ये हाताळताना त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली आणि ती सुटली नाही. घरच्यांचे फारसे प्रोत्साहन नसतानाही त्यांनी खासगी शिकवणी लावून अभ्यास पुरा केला आणि १९०३ साली मँचेस्टर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण केली. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचे होते.

मँचेस्टरला विल्यम हेन्री पर्किन (धाकटे) हे त्यांचे गुरू होते. १९०६ साली प्रथम वर्गात पदवी मिळविल्यावर हॉवर्थ यांनी त्यांच्याच हाताखाली टर्पिनांवर, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांतील संयुगांवर, संशोधन केले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते जर्मनीत गटिंगेनला ओटो वालाख यांच्याकडे गेले. टर्पिनांच्या क्षेत्रात वालाख हे त्या काळचे सर्वश्रेष्ठ नाव होते. १९१० साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. तेथे हॉवर्थ यांनी अवघ्या एका वर्षात डॉक्टरेट मिळविली. १९११ साली मँचेस्टर विद्यापीठाने त्यांना डी.एससी. ही पदवी दिली. त्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांना नोकरी मिळाली. या वेळेपर्यंत शर्करांशी त्यांचा काहीही संबंध आलेला नव्हता.

सेंट अँड्र्यूज येथील काळ

१९१२ साली हॉवर्थ स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले. टॉमस पर्डी आणि त्यांचे शिष्य जेम्स आयर्विन यांच्यामुळे हे लहानसे विद्यापीठ शर्करांच्या रसायनशास्त्राचे जगप्रसिद्ध केंद्र बनले होते. शर्करेच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट अनेक असतात आणि रासायनिकदृष्ट्या ते बहुतेक सारखेच वागतात. त्यामुळे कोणता गट मोकळा आहे आणि कोणता दुसऱ्या घटकाशी जोडलेला आहे, हे ओळखणे अवघड जाते. पर्डी व आयर्विन यांनी यावर एक युक्ती काढली होती. सिल्व्हर ऑक्साइड आणि मिथिल आयोडाइड वापरून ते मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांवर मिथिल गट बसवीत. ही क्रिया म्हणजे मिथिलीकरण. हे मिथिल गट सहजासहजी निघत नाहीत. मोठा रेणू आम्लाने तोडला तरी ते आपापल्या जागी राहतात.

ज्यांना हे प्रथमच वाचताना अवघड वाटेल, त्यांनी आगगाडी डोळ्यांसमोर आणावी. डबे एकमेकांना जोडलेले असतानाच बाहेरून दिसणारा सगळा भाग रंगविला आणि मग डबे सुटे केले, तर प्रत्येक डब्यावर रंग न लागलेली जागा तेवढी जोडाची असणार. शेवटच्या डब्याचे एक टोक मोकळे असल्याने त्यावर रंगाचा एक पट्टा जास्त चढलेला असेल. मिथिलीकरणाचे तत्त्व एवढेच आहे.

जुन्या रीतीत दोन अडचणी होत्या. ती महाग होती आणि मिथिल आयोडाइडमध्ये न विरघळणाऱ्या पदार्थांना लागू पडत नव्हती. बहुसंख्य शर्करा आणि जवळजवळ सर्व बहुशर्करा अशाच असतात. हॉवर्थ यांनी १९१५ साली डायमिथिल सल्फेट आणि अल्क यांचा वापर करून पाण्यातच मिथिलीकरण करण्याची रीत प्रसिद्ध केली. डायमिथिल सल्फेट हे अत्यंत विषारी द्रव्य असल्याने हे काम जोखमीचे होते. पण रीत स्वस्त होती आणि सेल्युलोज, स्टार्च यांच्यासारख्या हट्टी पदार्थांवरही चालत होती. हॉवर्थ यांच्या पुढील सर्व कार्याची किल्ली या एका लहानशा सुधारणेत आहे.

पहिल्या महायुद्धात ही प्रयोगशाळा युद्धाच्या कामाला लागली. जंतुशास्त्राला लागणाऱ्या दुर्मीळ शर्करा आणि काही औषधे तोवर जर्मनीतून येत. ती आता येथे तयार होऊ लागली. हॉवर्थ यांचाही या कामात भाग होता.

वलयाचा वाद

१९२० साली हॉवर्थ न्यूकॅसल येथील आर्मस्ट्राँग कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२२ साली त्यांचा विवाह व्हायोलेट चिल्टन डॉबी यांच्याशी झाला. त्यांना दोन मुलगे झाले. १९२५ साली ते बर्मिंगहॅम विद्यापीठात गेले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले.

न्यूकॅसल आणि बर्मिंगहॅमच्या या पहिल्या वर्षांतच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा वाद उभा राहिला. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन अणूंची साखळी असते, हे एमिल फिशर यांच्या काळापासून ठाऊक होते. ही साखळी एका ऑक्सिजन अणूच्या साहाय्याने स्वतःवरच वळून वलय बनविते, हेही मान्य झाले होते. मात्र हे वलय पहिल्या आणि चौथ्या कार्बनमध्ये जुळते असे गृहीत धरले जाई. त्यामुळे चार कार्बन व एक ऑक्सिजन असे पाच अणूंचे वलय होई. फिशर यांनीही ते तसेच मानले होते. सेंट अँड्र्यूजच्या शाळेने याच गृहीतकावर माल्टोज, लॅक्टोज इत्यादींची सूत्रे बांधली होती आणि स्वतः हॉवर्थही त्या शाळेत तयार झाले होते.

हॉवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण मिथिलीकरण केलेले ग्लुकोज घेऊन त्याचे ऑक्सिडीकरण केले. साखळी तुटून मागे काय उरते, यावरून वलय कोठे जुळले होते ते समजणार होते. पाच अणूंचे वलय असते तर तुकडा लहान मिळाला असता. प्रत्यक्षात तीन मिथिल गट धारण करणारे पाच कार्बनांचे आम्ल मिळाले. याचा अर्थ वलय पहिल्या आणि पाचव्या कार्बनमध्ये जुळत होते; ते सहा अणूंचे होते. पाच अणूंचे वलयही असते, पण ते अधिक अस्थिर व लवकर तुटणाऱ्या प्रकारात. १९२६ साली त्यांनी ग्लुकोजच्या सूत्रात दुरुस्ती सुचविणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

एका सूत्रातील एक रेघ सरकली, एवढ्यावर हे थांबणारे नव्हते. माल्टोज, सेलोबायोज, लॅक्टोज यांची प्रचलित सूत्रे चूक ठरली आणि ती नव्याने सिद्ध करावी लागली. ऊस आणि बीट यांच्यापासून मिळणाऱ्या नेहमीच्या साखरेत, म्हणजे सुक्रोजमध्ये, ग्लुकोजचे वलय सहा अणूंचे, पण फ्रुक्टोजचे पाच अणूंचे असते, हेही याच काळात त्यांनी दाखविले. ज्या शाळेत आपण शिकलो तिचीच पायाभूत समजूत खोडून काढणे सोपे नसते. हॉवर्थ यांनी ते प्रयोगांच्या जोरावर केले आणि त्यात कोठेही कडवटपणा येऊ दिला नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नोंदवण्यासारखी आहे.

अमेरिकेत क्लॉड हडसन यांनी प्रकाशीय वलनाच्या मोजमापांवरून काही शर्करांच्या वलयांविषयी वेगळे निष्कर्ष काढले होते. हा मतभेद काही वर्षे चालला. पुढे १९३७ च्या सुमारास हडसन आणि त्यांचे सहकारी जॅक्सन यांनीच पेरायोडेटच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांतून सहा अणूंच्या वलयाला पुष्टी मिळाली.

पायरॅन आणि फ्युरॅन या साध्या वलयी संयुगांवरून हॉवर्थ यांनी सहा अणूंच्या वलयाला ‘पायरॅनोज’ आणि पाच अणूंच्या वलयाला ‘फ्युरॅनोज’ ही नावे १९२७ साली सुचविली. ती तत्काळ स्वीकारली गेली.

चपटे चित्र आणि संरूपण

फिशर यांच्या पद्धतीत शर्करेची साखळी उभी, शिडीसारखी काढीत. वलय दाखवायचे झाले की, त्या शिडीच्या कडेने एक लांबलचक रेघ ओढावी लागे. प्रत्यक्षात शेजारी असलेले अणू चित्रात दूर दिसत. हॉवर्थ यांनी १९२६ च्या सुमारास वलय आडवे, किंचित कलते करून काढावयास सुरुवात केली. वाचणाऱ्याच्या बाजूची कड जाड रेघेने दाखवायची आणि प्रत्येक कार्बनला जोडलेले गट वलयाच्या वर किंवा खाली काढायचे. हे चित्र कोणालाही दोन मिनिटांत शिकता येते. वर-खाली एवढ्या खुणेवर ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांतील फरक, अल्फा व बीटा यांतील फरक ताबडतोब दिसतो. शंभर वर्षे होत आली तरी ते मागे पडलेले नाही.

पण या चित्रात एक खोटेपणा आहे: वलय सपाट दिसते. सहा अणूंचे असे वलय सपाट राहू शकत नाही; ते खुर्चीसारख्या किंवा होडीसारख्या आकारात वळते, हे हेर्मान झाक्से यांनी १८९० सालीच सुचविले होते. हॉवर्थ यांना याची पूर्ण जाणीव होती. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ शुगर्स’ या आपल्या ग्रंथात त्यांनी पायरॅनोज वलयाच्या संभाव्य आकारांची चर्चा केली, त्यासाठी ‘कॉन्फर्मेशन’ हा शब्द वापरला आणि येथे संशोधनाला मोठे क्षेत्र मोकळे आहे असे सुचविले. ते क्षेत्र त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे मोकळेच राहिले. ऑड हासेल आणि डेरेक बार्टन यांनी संरूपणाचे शास्त्र उभे केले आणि त्यांना १९६९ साली नोबेल मिळाले. बार्टन यांचा गाजलेला निबंध १९५० साली, म्हणजे हॉवर्थ यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. सामान्य विद्यार्थ्याला हॉवर्थ हे सपाट चित्राचे जनक म्हणून ठाऊक असतात. ते चित्र सपाट का मानू नये हे सांगणारा शब्दही त्यांचाच, हे क्वचितच सांगितले जाते.

बहुशर्करांची लांबी

बर्मिंगहॅमला हॉवर्थ यांच्याभोवती एक मोठा संशोधक वर्ग जमला. एडमंड हर्स्ट, स्टॅन्ली पीट, मॉरिस स्टेसी, फ्रेड स्मिथ ही त्यांतील ठळक नावे. सेल्युलोज आणि स्टार्च हे दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात, मग एकाचे कापड होते आणि दुसऱ्याची पेज होते हे कशामुळे, या प्रश्नाला आता हात घालता येत होता. सेल्युलोजमध्ये ग्लुकोजचे घटक बीटा पद्धतीने आणि स्टार्चमध्ये अल्फा पद्धतीने, पण दोन्हींत पहिल्या व चौथ्या कार्बनमधून जोडलेले असतात, हे स्पष्ट झाले.

साखळी किती लांब आहे हे मोजण्यासाठी त्यांनी शेवटच्या डब्याचा उपयोग केला. मधल्या प्रत्येक ग्लुकोजवर तीन मिथिल गट बसतात, टोकाच्या ग्लुकोजवर चार. पूर्ण तुकडे केल्यावर चार गटांचे ग्लुकोज किती टक्के मिळते, यावरून एका टोकामागे किती घटक आहेत ते काढता येते. १९३२ साली या रीतीने सेल्युलोजच्या साखळीत १०० ते २०० ग्लुकोज घटक असावेत असा अंदाज मिळाला. आज हा आकडा कमी वाटतो. नैसर्गिक सेल्युलोजच्या साखळ्या हजारो घटकांच्या असतात आणि अल्कात हाताळताना त्या तुटतात. परंतु सेल्युलोज ही खरोखर एक लांब साखळी आहे की लहान रेणूंचा पुंजका, हाच त्या काळी वादाचा विषय होता आणि त्यात हा पुरावा वजनदार ठरला.

स्टार्चने मात्र कोडे घातले. टोकांच्या मोजणीवरून साखळी केवळ २४ ते ३० घटकांची दिसत होती, तर श्टाउडिंगर यांच्यासारख्यांच्या भौतिक मोजमापांवरून रेणू प्रचंड मोठा ठरत होता. दोन्ही खरे असतील तर रेणूला टोके पुष्कळ असली पाहिजेत, म्हणजेच तो फांद्या असलेला असला पाहिजे. हॉवर्थ, हर्स्ट आणि आयशरवुड यांनी १९३७ साली अशी शाखायुक्त रचना सुचविली.

पेक्टिन

पेरूची जेली घट्ट बसते ती पेक्टिनमुळे. पेशीभित्तिकेत आणि दोन पेशींच्या मधल्या थरात हा पदार्थ असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ साली, गोठणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, त्याच्या आम्लाला नाव दिले. त्यातला मुख्य घटक गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल आहे हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कळले. पण हे घटक एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे कळायला मिथिलीकरणाची गरज होती.

१९४० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत लकेट आणि फ्रेड स्मिथ यांनी पेक्टिक आम्लाचे मिथिलीकरण करून तुकडे पाडले. मिळालेल्या घटकांवर दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनवर मिथिल गट होते. चौथा व पाचवा कार्बन कोरे होते. त्यांपैकी एक वलयात गुंतलेला आणि दुसरा पुढच्या घटकाशी जोडलेला असला पाहिजे. आता निर्णय वलयाच्या आकारावर होता. पाच अणूंची वलये असती तर साखळी सौम्य आम्लानेही भरभर तुटली असती. पेक्टिक आम्ल तसे तुटत नाही. म्हणून वलय पायरॅनोज, आणि जोड चौथ्या कार्बनवर. चौदा वर्षांपूर्वीच्या वलयाच्या वादाचा निकाल येथे असा उपयोगी पडला. हर्स्ट १९३६ साली बर्मिंगहॅम सोडून ब्रिस्टलला गेले होते. तेथे आणि पुढे मँचेस्टरला त्यांनी जोन्स यांच्याबरोबर पेक्टिनसोबत सापडणाऱ्या ॲराबन व गॅलॅक्टन या बहुशर्करा उलगडल्या. भुईमुगातील ॲराबनमध्ये ॲराबिनोजचे घटक फ्युरॅनोज रूपात असतात, असे त्यांना आढळले. म्हणजे हॉवर्थ यांनी नावे दिलेली दोन्ही वलये एकाच कुळातील द्रव्यांत शेजारी नांदत होती.

येथपर्यंतचे सर्व सपाट चित्रावर दाखविता येते. पुढचे येत नाही. ग्लुकोजच्या खुर्चीसारख्या वलयात चौथ्या कार्बनवरचा गट कडेला बाहेर पसरलेला असतो. गॅलॅक्टोजच्या कुळात तोच गट वलयावर उभा राहतो. सपाट चित्रात हा फरक फक्त ‘खाली’ऐवजी ‘वर’ एवढाच दिसतो. सेल्युलोजमध्ये जोडाचे दोन्ही बंध कडेला पसरलेले असल्याने साखळी सरळ फितीसारखी जाते आणि फिती एकमेकींना चिकटून धागा होतो. स्टार्चमध्ये एक बंध उभा व एक कडेचा असल्याने साखळी मळसूत्रासारखी वळते. पेक्टिनच्या अल्फा जोडात दोन्ही बंध उभे असतात. त्यामुळे साखळी नागमोडी होते आणि तिच्या वळणांत ठरावीक अंतरावर खळगे राहतात. कॅल्शियमचे आयन या खळग्यांत बसतात आणि दोन साखळ्या समोरासमोर येऊन त्यांना मधे धरतात. १९७३ साली ग्रँट, मॉरिस, रीस आदी संशोधकांनी या रचनेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली: खोक्याचे खळगे म्हणजे साखळ्या आणि अंडी म्हणजे कॅल्शियम. ज्या पेक्टिनात आम्लगटांवर निसर्गतःच मिथिल एस्टर फार असतात, तेथे कॅल्शियमला धरायला जागा राहत नाही; अशा पेक्टिनची जेली बनविण्यासाठी भरपूर साखर आणि आंबटपणा लागतो. (हे नैसर्गिक मिथिल गट वेगळे आणि प्रयोगशाळेत मुद्दाम बसविलेले वेगळे, हे ध्यानात ठेवावे.)

पेक्टिन ही एकच साखळी नाही हेही पुढे स्पष्ट झाले. तिच्यात गुळगुळीत पट्ट्यांबरोबर ऱ्हॅम्नोजयुक्त पट्टे असतात. ऱ्हॅम्नोजच्या घटकांपासून ॲराबन व गॅलॅक्टनच्या फांद्या फुटतात. एका भागात तर डझनभर प्रकारच्या शर्करा असून असे दोन भाग बोरॉनच्या पुलाने जोडले जातात, हे १९९६ साली सिद्ध झाले. वनस्पतींना बोरॉन का लागतो या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर त्यातून मिळाले. या सर्व कामात क्ष-किरण, चुंबकीय अनुस्पंदन यांसारखी हॉवर्थ यांच्या हाती नसलेली साधने वापरली गेली; पण कोणता कार्बन कोणाशी जोडलेला आहे हे पाहण्यासाठी मिथिलीकरणाची सुधारलेली आवृत्ती आजही केली जाते.

क जीवनसत्त्व

हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली अधिवृक्क ग्रंथींतून व वनस्पतींतून एक शर्करेसारखे आम्ल वेगळे केले. ते काय आहे हे ठाऊक नसल्याने त्यांनी गमतीने त्याला अज्ञानसूचक ‘इग्नोज’ असे नाव देऊ केले. संपादकांनी ते नाकारले आणि ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ हे नाव छापले गेले. त्यांनी थोडा नमुना हॉवर्थ यांच्याकडे पाठविला, पण तो रचना ठरविण्यास अपुरा पडला. पुढे सेगेड येथे राहत असताना त्यांना तेथील लाल मिरचीत, पॅप्रिकात, हे द्रव्य विपुल सापडले आणि बर्मिंगहॅमला पुरेसा साठा रवाना झाला. तोपर्यंत हेच क जीवनसत्त्व असल्याचे निश्चित झाले होते.

हॉवर्थ व हर्स्ट यांच्या गटाने १९३३ साली त्याची रचना ठरविली आणि त्याच वर्षी त्याचे संश्लेषणही केले. झुरिकमध्ये राइखश्टाइन यांनी स्वतंत्रपणे त्याच सुमारास ते साधले, आणि कारखान्यात पुढे त्यांचीच रीत चालली. प्रयोगशाळेत तयार झालेले हे पहिले जीवनसत्त्व होय. स्कर्व्ही रोगाला रोखणारे म्हणून हॉवर्थ आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी त्याला ‘ॲस्कॉर्बिक आम्ल’ हे नाव दिले. १९३७ साली हॉवर्थ यांना रसायनशास्त्राचे आणि सेंट-ग्यॉर्गी यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले.

युद्धकाळ आणि अखेरची वर्षे

दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅम विद्यापीठ अणुसंशोधनाच्या केंद्रस्थानी आले. अणुबॉम्ब शक्य आहे का, हे तपासणाऱ्या ब्रिटिश ‘मॉड’ समितीचे हॉवर्थ सदस्य होते. त्यांच्या विभागात शुद्ध युरेनियम व त्याची बाष्पनशील संयुगे तयार करण्याचे काम झाले. शर्करांच्या संशोधकाकडे हे काम आले हे वरवर पाहता विचित्र वाटते. पण अत्यंत शुद्ध द्रव्ये मोठ्या प्रमाणावर बनविण्याचा अनुभव त्या विभागाइतका फार थोड्यांकडे होता.

१९२८ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांना १९३४ साली डेव्ही पदक आणि १९४२ साली रॉयल पदक मिळाले. १९४४ ते १९४६ या काळात ते केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९४७ साली त्यांना ‘सर’ हा किताब देण्यात आला. १९४८ साली ते विद्यापीठातून निवृत्त झाले. पुढच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये भरलेल्या पॅसिफिक सायन्स काँग्रेसला ते रॉयल सोसायटीचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९ मार्च १९५० रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, त्यांचे अकस्मात निधन झाले.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील रसायनशास्त्र विभागाच्या इमारतीला हॉवर्थ यांचे नाव आहे. हर्स्ट, स्टेसी आणि स्मिथ यांनी अनुक्रमे एडिंबरा, बर्मिंगहॅम आणि अमेरिकेतील मिनेसोटा येथे कर्बोदकांवरील संशोधन पुढे चालविले.